एक घर, सात हत्यारं आणि चौदा महिने

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एक्क्याऐंशी, विधवा, दोन मुलांची आई, धंदा कवळ्या तयार करणं (आता निवृत्त), आज पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून देते. 'शरीराने व मनाने सक्षम' असं लिहायचं असतं, असं वकीलबाई म्हणतात. मनाचं मी लिहून देते. शरीराबद्दल कायद्याच्या कागदावर खोटं कशाला बोलू? डावा गुडघा गेला आहे, उजवा कान जायच्या तयारीत आहे आणि तोंडातला एकही दात देवानं दिलेला उरलेला नाही. जे आहेत ते मी स्वतः बनवलेले आहेत आणि देवाच्यापेक्षा सरळ आहेत.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं केली होती. पहिलं रागाच्या भरात, दुसरं मुलाच्या आग्रहावरून. दोन्ही रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर. कोपऱ्यावरून तिसरं, पुढे पाच पायऱ्या, खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायची तार. हे घर माझ्या पश्चात पूर्णपणे मुलीचं राहील. मुलाला राग येईल, म्हणून कारण लिहिते.

मुलगा विमा कंपनीत धोके मोजण्याचं काम करतो, विमानानं तीन तासांवर राहतो आणि दर रविवारी सकाळी दहाला फोन करून माझा रक्तदाब विचारतो. गेली चार वर्षं तो मला ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतींची पत्रकं पाठवतो आहे. प्रत्येक पत्रकावर एक म्हातारं जोडपं हसत असतं. त्यातल्या बाईंची वरची कवळी बरी आहे. बुवांचे पटाशीचे दात मात्र दोन छटा जास्त पांढरे घेतलेत, भिंतीला चुना दिल्यासारखे. असले दात लावून जिथे माणसं खूश राहतात तिथे मी राहायला जाणार नाही, असं मी मुलाला कळवलं. त्याला वाटलं मी गंमत करते.

मुलगी दर पानगळीत शिडी लावून पन्हाळीतला पाला काढते आणि मला खाली शिडी धरू देते. माझ्या धरण्यानं काही होत नाही, हे तिलाही कळतं आणि मलाही. तरी ती 'धरलीस ना?' असं दर वेळी विचारते. म्हणून घर तिला.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांना निम्मं निम्मं. याबद्दल मला काही बोलायचं नाही, आणि त्यांनीही बोलू नये.

कलम ३. माझी हत्यारं. मेण कोरायच्या तीन सुऱ्या, एक कोरणी, स्पिरिटचा दिवा, पितळी मापपट्टी आणि 'जबडा'. वरचा आणि खालचा साचा बसवून माणूस चावतो कसा हे ज्यावर पाहतात, त्या बिजागरीच्या पितळी यंत्राला आमच्याकडे जबडा म्हणत. ही सातही हत्यारं मी जिथे कवळ्या केल्या त्या कारखान्याच्या मालकांच्या सुनेला द्यावीत. आता कारखाना ती चालवते, आणि उत्तम चालवते. तिचा हात सुळ्यांवर जरा घाईचा पडतो, तेवढं तिनं पाहावं.

ही हत्यारं माझ्याकडे कशी आली ते मुलांना नीट माहीत नाही. मी या देशात तेविसाव्या वर्षी आले. हे आधीपासून इथे होते. यांनी सांगितलं होतं, दोन वर्षं राहू आणि परत जाऊ. दोन वर्षांनी म्हणाले, आणखी दोन. पुढे मी विचारणं सोडलं आणि यांनी सांगणं. दरम्यान मुलगा झाला, मुलगी झाली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा घरात दिवसभर मी आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढेच उरलो. इथल्या भाषेतले तीन शब्द मला येत होते: 'किती', 'नको' आणि 'माफ करा'. त्यातला तिसरा सगळ्यात जास्त वापरला.

यांनी तिकडे घरी लिहिलं होतं, 'माझ्या बायकोला काम करायची गरज नाही.' ते वाक्य वाचून सासरची मंडळी फार खूश झाली होती, त्यामुळे ते खोटं पाडणं मला जिवावर आलं. मी यांना सांगितलं की आठवड्यातून पाच सकाळी मी भाषेच्या वर्गाला जाणार. आणि मी कवळ्यांच्या कारखान्यात झाडू मारायला जाऊ लागले.

कारखाना म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत प्लास्टर आणि उकळत्या पाण्याची भांडी, दुसरीत खिडकीपाशी लांब टेबल. मालक माझ्यासारखेच परके, पण दुसऱ्याच कुठल्या देशातले. एका कानानं ठार बहिरे. इथली भाषा माझ्याहून थोडीच बरी बोलायचे, पण आवाज इतका मोठा की चूक कुणाच्या लक्षात येत नसे.

तिसऱ्या महिन्यात एका कारागिराच्या हातून दातांचा ट्रे पडला. नुसते दात, कुठल्याच हिरडीत न बसवलेले. वरचे, खालचे, डावे, उजवे, दाढा, सुळे, अकरा वेगवेगळ्या छटांचे, सगळे जमिनीवर. मालक ओरडले, कारागीर रडकुंडीला आला, आणि मग सगळे जेवायला निघून गेले. मी केरसुणी बाजूला ठेवून खाली बसले. लहानपणापासून सुपात धान्य निवडत वाढलेली मी, मला त्यात अवघड काय होतं? मंडळी परत आली तेव्हा ट्रे भरलेला होता. मालकांनी भिंग घेऊन एकेक खण तपासला. शेवटी एक दाढ उचलून म्हणाले, 'ही चुकली.'

मी म्हटलं, 'नाही. तुमची चूक.' शब्द तीनच होते, पण वाक्य माझं होतं.

मालकांनी दाढ खिडकीशी नेली, उजेडात फिरवली, परत आहे त्याच खणात ठेवली आणि म्हणाले, 'झाडू ठेव.'

कलम ४. दिवाणखान्यातलं चौकटीतलं सर्टिफिकेट मुलाला. लहानपणी तो ते पाहुण्यांना दाखवायचा.

असं झालं की वर्ष संपताना यांनी सहज विचारलं, 'वर्ग संपला असेल ना? सर्टिफिकेट देतात का?' मी म्हटलं, 'देतात तर.' दुसऱ्या दिवशी मालकांसमोर रड गायली. मालक हसले नाहीत. कारखान्याचा कागद घेतला आणि सुरेख अक्षरात लिहून दिलं की या बाईंनी एक वर्ष नियमित हजेरी लावली, प्रगती समाधानकारक आहे. कागदाच्या डोक्यावर कारखान्याचं चिन्ह छापलेलं होतं: एक मोठी दाढ, तीन मुळांसकट.

यांनी कागद दोनदा वाचला. 'भाषेच्या शाळेच्या कागदावर दात कशाला?'

'भाषा तोंडानंच बोलतात,' मी म्हटलं.

हे बराच वेळ माझ्या नखांकडे पाहत राहिले. नखांच्या कडांना प्लास्टर होतं, ते कितीही धुतलं तरी राहतं. मग म्हणाले, 'अगदी बरोबर आहे.' आणि शनिवारी जाऊन चौकट करून आणली. भिंतीत खिळा स्वतः ठोकला. मी काम करते हे आमच्या घरात त्यानंतर हळूहळू, जणू आधीपासूनच सगळ्यांना माहीत होतं अशा बेतानं माहीत झालं. पण त्या संध्याकाळी यांना मला तोंडावर पाडता आलं असतं, आणि यांनी ते केलं नाही. पुढचं कलम वाचताना मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

कलम ५. यांची कंपासपेटी आणि टी-स्क्वेअर मुलाला. त्यासोबत एक माहितीही त्याच्या हवाली करते आहे. नको असली तरी ती परत करता येणार नाही.

हे पूल बांधणाऱ्या एका कंपनीत आराखडे काढायचे. यांच्या अंत्यविधीला मुलानं सगळ्यांसमोर भाषण केलं, 'माझे वडील आयुष्यात एक दिवस घरी बसले नाहीत.' वाक्य शब्दशः खरं आहे. घरी नाही बसले. चौदा महिने बागेत बसले.

मी तेव्हा अडतीस वर्षांची. मुलगा तेरा, मुलगी अकरा. कारखान्याच्या खिडकीखाली सार्वजनिक बाग होती आणि बागेपलीकडे वाचनालय. एका सोमवारी मेण गरम करता करता खाली नजर गेली तर हे बाकावर बसलेले. ऑफिसचा कोट, टाय, मांडीवर डबा. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि ते दुपारचा डबा खात होते. आधी वाटलं, कामानिमित्त जागा बघायला आले असतील. पण बागेत पूल कोण बांधतं? मंगळवारी तोच बाक. बुधवारी संध्याकाळी मी विचारलं, 'आज काम कसं झालं?'

'चाललंय. नदीवरचा मोठा पूल आलाय.'

'किती मोठा?'

यांनी घास गिळून विचार केला. 'पाच कमानींचा.'

गुरुवारी मी कंपनीत फोन केला. आराखड्यांचा विभाग दीड महिन्यापूर्वीच बंद केला, असं तिथल्या बाईनं सांगितलं. आणि तरी पगाराच्या तारखेला घरात पगार आला होता. कंपनीनं निघताना जे हातावर ठेवलं त्यातून हे महिन्याच्या महिन्याला स्वतःला पगार देत होते.

मी वाक्य तयार करून घरी गेले. हे मुलीची भूमितीची वही तपासत होते. मागे भिंतीवर ती तीन मुळांची दाढ. मी जेवायची ताटं घेतली. या माणसानं मला पकडलं नव्हतं, मी कोणत्या तोंडानं त्यांना पकडू?

मग मी एवढंच केलं की मालकांना सांगून माझी जागा खिडकीशी घेतली. मालक म्हणाले, 'तिथे वारा लागतो.' मी म्हटलं, 'उजेड बरा आहे.' थंडी पडली तशी मी डब्याबरोबर थर्मास द्यायला लागले. जाड मोजे विणले. यांनी विचारलं, 'एवढे जाड?' मी म्हटलं, 'ऑफिसात गार असतं, तुम्हीच म्हणाला होतात.' ते असं कधीच म्हणाले नव्हते. 'हो, हो,' म्हणाले, 'हीटर बिघडलाय.' वाचनालय अकराला उघडायचं. पावणेअकरापासून हे घड्याळाकडे बघायचे, आणि वरून मी.

आणि रोज संध्याकाळी मी पुलाची चौकशी करायचे. दुसरा खांब उभा राहिला. तिसऱ्याखाली खडक लागला, दोन महिने तिथेच अडले. वरच्या साहेबांना कमानी नको होत्या, सरळ तुळया हव्या होत्या. यांनी त्यांना पटवलं. मुलगा तोंडात घास धरून ऐकायचा. मला खरं काय ते माहीत असूनही तिसऱ्या खांबाची काळजी वाटायची.

आठव्या महिन्यात तिकडून यांच्या मोठ्या भावाचं पत्र आलं. एका तंत्रशाळेत आराखडे शिकवायची जागा होती, यांच्यासाठी धरून ठेवली होती. फक्त सध्याच्या कंपनीचं पत्र हवं होतं, की हे अजून तिथे कामावर आहेत. यांनी भावाचं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं, पण ती शेवटची ओळ गाळून. ती मी पुढे, हे सगळं होऊन गेल्यावर, कोटाच्या खिशात वाचली.

मी मात्र मनापासून तयारीला लागले. ट्रंक खाली काढली. मुलांच्या शाळेत चौकशी केली. मालकांना सांगितलं. मालकांनी तो पितळी जबडा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि नाक शिंकरायला आतल्या खोलीत गेले. पंधरा दिवसांनी हे म्हणाले, 'यंदा नको. पूल अर्धवट टाकून कसं जायचं?' मी ट्रंक पुन्हा वर ठेवली. जबडा परत द्यायला गेले तर मालक म्हणाले, 'राहू दे. दिलं ते दिलं.'

चौदा महिन्यांनी यांना नगरपालिकेत नकाशांच्या खोलीत जागा मिळाली. पहिल्यापेक्षा हलकी, पण छप्पर होतं. त्या संध्याकाळी मी न विचारताच हे म्हणाले, 'पूल झाला.' मी म्हटलं, 'पाचही कमानी?' म्हणाले, 'पाचही.' आम्ही दोघांनी पान वाढून घेतलं आणि त्या रात्री यांना खूप भूक होती.

हे कधी बोलले नाहीत, मी कधी विचारलं नाही. यांना जाऊन तेरा वर्षं झाली. आता मी माहिती दिली आहे. मुलानं भाषणात बदल करायची गरज नाही.

कलम ६. माझी थोरली जाऊ. वय नव्वद, तिकडेच असते, तब्येत ठणठणीत. तिला एक नवी कवळी करून द्यावी. तिचे जुने साचे माझ्या कपाटात आहेत, पण हिरड्या आता झिजल्या असतील, म्हणून नवा ठसा मागवावा. खर्च माझ्या इस्टेटीतून.

आमचं आणि जाऊबाईंचं असं आहे. पूल झाल्यावर पाचेक वर्षांनी आम्ही चौघं तिकडे गेलो होतो. मी ताटं पुसत होते. जाऊबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, 'भावजी बिचारे यायला एका पायावर तयार होते. तूच अडून बसलीस.'

मी म्हटलं, 'कोण म्हणालं?'

'त्यांनीच लिहिलं होतं की! तिला तिथलं काम सोडवत नाही, ती यायला तयार नाही म्हणून.'

हे पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मधला पडदा नुसता कापडाचा. पान उलटल्याचा आवाज येत होता तो थांबला. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी हातातलं ताट पुसून उताणं ठेवलं आणि म्हटलं, 'हो. माझं काम होतं तिथे.'

परतीच्या प्रवासात हे माझ्याकडे एकदाही न बघता माझी पिशवी उचलत होते. पाण्याची बाटलीसुद्धा मला धरू दिली नाही. एवढंच.

त्यानंतर सासरी माझ्या नावानं बोटं मोडायची पद्धत पडली. नवऱ्याला परत येऊ दिलं नाही ती. दोन वर्षांनी त्याच जाऊबाईंचं पत्र आलं की दात सगळे गेले, तिकडची कवळी टोचते, तुझ्याकडे होईल का? मी ठसा कसा घ्यायचा ते चित्र काढून कळवलं, ठसा पार्सलनं आला, मी कवळी केली. जीव ओतून केली. तिच्या वरच्या ओठाची ठेवण मला पाठ होती. मला बोल लावताना तो फार हलायचा. कवळी चपखल बसली. गेली पस्तीस वर्षं मला नावं ठेवली जातात ती माझ्याच दातांतून. कारागिराला याहून मोठी पावती काय हवी?

कलम ७. माझा बसचा पास मुलीला. तो वापरता येणार नाही. ठेवून द्यावा.

मुलगी दंतवैद्य व्हावी अशी माझी फार इच्छा होती. दोन वर्षं शिकून तिनं ते सोडलं, म्हणाली, 'आई, मला लोकांची तोंडं बघवत नाहीत.' आणि बस चालवायला लागली, जिथे लोक पाठीमागे बसतात. त्याचं मला वाईट वाटलं, पण भांडण त्यावरून झालं नाही. भांडण यांच्या अंत्यविधीच्या दिवशी झालं. मुलाचं भाषण संपलं आणि मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, 'त्यांना परत जायचं होतं. तू जाऊ दिलं नाहीस. तुझ्या त्या दातांपायी.'

याचं उत्तर द्यायची जबाबदारी खरं तर यांची होती. पण हे तिथे सगळ्यात पुढे, आडवे होते. त्यांच्यादेखत मी त्यांची चहाडी करणार नव्हते. मी काही बोलले नाही. मुलगी सहा वर्षं बोलली नाही.

तिची बस, सत्तावीस नंबर, घरावरून जाते. मी पास काढला. आठवड्यातून तीनदा तिच्या बसमध्ये चढायचं, आरशात दिसेल अशा जागेवर बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत. मी पास दाखवायचे. ती सगळ्यांना म्हणते तेच मला म्हणायची, 'पुढे सरका.' सहा वर्षांत माझ्या पोटच्या मुलीनं माझ्याशी एवढेच दोन शब्द काढले, आणि तेही अहो-जाहोनं.

एका हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाचा गुळगुळीत थर होता. थांबा घरापासून दोनशे पावलं पुढे. बस आमच्या पायऱ्यांसमोर थांबली. दार उघडलं. मुलगी आपल्या जागेवरून उठली, खाली उतरली, मला कोपराला धरून पाचही पायऱ्या चढवल्या. आत वीसएक माणसं घड्याळं बघत होती.

'बर्फ असताना बाहेर पडायचं नाही,' ती म्हणाली.

'मग तू दिसणार कशी?'

ती किल्ली माझ्या हातातून घेऊन कुलूप उघडत होती. 'रविवारी येईन,' म्हणाली. आणि गेली.

तेव्हापासून सात वर्षं दर रविवारी येते. दहा वाजता मुलाचा फोन येतो तो तीच घेते. पण तो विषय आमच्यात अजून निघालेला नाही. कलम ५ आणि ६ वाचून तिला कळेल. तेव्हा मी समोर नसेन, हे दोघींच्याही सोयीचं आहे.

कलम ८. माझ्या अंत्यविधीच्या वेळी माझी कवळी काढू नये. मुलानं भाषण लिहून आणल्यास ते एका पानाच्या आत असावं.

येथे जेवणाची सुट्टी झाली. वकीलबाईंनी पुढचं कलम 'अन्य बाबी' म्हणून लिहायला सांगितलं आहे.

कलम ९. अन्य बाबी. आज मला इथे मुलीनं गाडीनं आणलं. जिला मिळायचं आहे तिनं खोलीत बसू नये असा संकेत असल्यामुळे ती बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर होती. सुट्टीत मी बाहेर गेले तर तिनं डबा उघडून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, 'तीन तास काय लिहितेस एवढं? घर आहे की राजवाडा?'

मी खाता खाता म्हटलं, 'तुझ्या बाबांची नोकरी गेली होती. चौदा महिने. ते बागेत बसायचे.' हे मी का बोलले ते मला सांगता येत नाही. सकाळभर लिहून ते ओठांवर आलेलं होतं, एवढंच.

मुलगी चावायची थांबली. मग म्हणाली, 'तुला कुणी सांगितलं?'

'मी वरून बघायचे. खिडकीतून.'

'कारखान्याच्या?' तिनं डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. 'मी पण पाहिलं होतं त्यांना. शाळा लवकर सुटली होती. त्यांनी मला बाकावर बसवून अर्धा डबा दिला आणि म्हणाले, आईला सांगू नकोस, तिला काळजी लागेल. मग मी अधूनमधून जायचे. मला वाटलं, तुला काहीच माहीत नाही.'

'मला वाटलं, तुला माहीत नाही.'

'आई, तेव्हा मला वाटायचं,' ती म्हणाली, आणि चोपन्न वर्षांची बाई, पण आवाज अकरा वर्षांचा झाला, 'मला वाटायचं, हे इथे गारठतायत आणि आई यांना घरी घेऊन जात नाही. काकूनं ते सांगितलं तेव्हा माझं पक्कंच झालं.'

मी तिला पत्राची शेवटची ओळ सांगितली. कंपनीचा दाखला लागणार होता ती.

तिनं डबा बाजूला ठेवला. मग एकदम चिडली. 'एकदा तरी सांगायचंस मला! सहा वर्षं बसमध्ये येऊन बसलीस, त्यापेक्षा एक वाक्य बोलायचंस!'

'तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस, ठरवून टाकलंस.'

'आणि तू?' ती म्हणाली. 'तू त्यांना विचारलंस? आपण सगळ्यांनी मिळून त्या माणसाला थंडीत बसू दिलं, आई. तू वरून, मी शेजारून. कुणी म्हटलं नाही, चला, घरी चला.'

त्रेचाळीस वर्षं मी याला समजूतदारपणा म्हणत आले. तो असेलही. पण यांना गार लागत होतं हेही तितकंच खरं आहे, आणि ते मी या कागदावर माझ्या नावे लिहून घेते. हे कुणालाही वाटून द्यायचं नाही.

मुलीनं रुमाल काढला, आधी माझा चेहरा पुसला आणि मग स्वतःचा. मी म्हटलं, आता ते पाचवं कलम खोडायला सांगते, तुला तर कळलं. ती म्हणाली, 'नको, राहू दे. दादाला वाचूनच कळू दे. फोनवर तो रक्तदाबापलीकडे ऐकत नाही.' मग म्हणाली, 'काकूच्या कवळीचं मात्र खोड.' त्यावर आमचं पुन्हा वाजलं. कवळी द्यायचीच आहे. कलम ६ कायम.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. पान दोनवर 'तीन' खोडून 'पाच' केलं आहे आणि पान सहावर चहाचा डाग पडला आहे; दोन्ही मला मान्य आहेत. साक्षीदार म्हणून तळमजल्यावरचे दंतवैद्य वर आले. माझी शुद्ध तपासायला त्यांनी आजची तारीख आणि वार विचारला. मी दोन्ही सांगितलं, आणि त्यांच्या पुढच्या दाताची टोपी शेजारच्या दाताशी जुळत नाही हेही सांगितलं. त्यांनी समाधानकारक अशी नोंद केली.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीनं केलं आहे. कुणाचाही दबाव नाही. मुलीनं गाडी चुकीच्या जागी लावली आहे आणि ती खालून तिसऱ्यांदा हॉर्न वाजवते आहे. हा दबाव कायद्यात धरत नाहीत, असं वकीलबाईंनी खात्रीनं सांगितल्यावरून सही करते.

सही: (मृत्युपत्र करणारी, स्वहस्ते)

साक्षीदार पहिले: दंतवैद्य, तळमजला. आमच्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार दुसऱ्या: वकीलबाईंच्या टंकलेखिका. आमच्यासमक्ष सही झाली. बाई जिन्यावरून कुणाचाही हात न धरता उतरल्या, हेही पाहिलं.

ठिकाण: वकीलबाईंचं कार्यालय, दुसरा मजला.
दिनांक: १७ फेब्रुवारी, दुपारी पावणेचार.